निकाल यायच्या आधी

माझ्या धाकट्या भावाला, रहमानला, वायफळ खर्च बघवत नाही. खोलीतून उठताना मी एसी चालू ठेवला तरी त्याचं तोंड सुरू. आम्ही दोघंही आखातात; इथल्या सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कंपनीत त्याची नोकरी. साथीच्या दुसऱ्या वर्षी साहेबांनी त्यालाच विचारलं, विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येकाची सरकारी पैशाने तपासणी करण्यात काही अर्थ आहे का? गडी खुलला. मुशैरिबच्या ऑफिसातून आल्या आल्या मला रिपोर्ट वाचून दाखवला.

"लोक तिकडून तपासूनच येतात, आपा. इथे परत नाकात काडी. हजारात दोन-चार सापडतात. बंद करा, असं लिहिलंय मी."

"आणि ते दोन-चार?"

"ताप आला की ते तसेही घरातच बसणार."

मला पटलं नाही. पण मी शाळेत शिकवणारी, खर्चाचं त्यालाच जास्त कळतं म्हणून गप्प बसले.

त्याच आठवड्यात आमचा सगळ्यात लहान भाऊ फैसल रत्नागिरीहून आला. विमानतळावर तपासणी झाली; निकाल येईपर्यंत खोलीत एकट्याने थांबायचं होतं. पण आमच्यात गावाहून कुणी आलं की बॅग त्याची नसतेच. कुणाचा सुका जवळा, कुणाचं कोकमाचं आगळ, पुडक्यापुडक्यावर नाव, आणि गाववाले त्याच संध्याकाळी न्यायला हजर. शाळेत जाताना मी रहमानला बजावलं, "आज कुणालाही बोलावू नकोस. मुदस्सिरला तर नाहीच." मुदस्सिर गावी आमच्या शेजारच्या घरातला, इथे लांब मेसईदला नोकरीला. त्याची किडनी बदललेली. औषधं अशी, की साधा तापही त्याला झेपणार नाही.

परत आले तर फैसलच्या खोलीत चहाचे तीन कप.

"कोण आलं होतं?"

"मुदस्सिर," रहमान म्हणाला. "एवढ्या लांबून बसने आला, दारातूनच कसा परत पाठवू? गावात तोंड दाखवायचं आहे ना? आणि निकाल काय, निगेटिव्हच येणार."

मी तोंड उघडायच्या आत फैसलचा मोबाईल वाजला. पॉझिटिव्ह. ना ताप, ना खोकला; पोरगा ठणठणीत दिसत होता.

रहमान घाईघाईने तिन्ही कप उचलायला लागला. मला त्याची दया आली, पण रागही असा आला की आवरेना. "त्यांनी खर्च केला, आजच्या आज निकालही दिला. तुला एक संध्याकाळ थांबता आलं नाही. आता लिही रिपोर्टात, पैसे कुणी वाया घालवले ते!"

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. मग हळूच म्हणाला, "फोन तू कर ना, आपा."

"चहा तू पाजलास. तूच कर."

त्याने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याला सलामही करू न देता मुदस्सिर सुरू झाला.

"पोचलो, रहमानभाय! आयने जवळा काय झकास पाठवलान! आणि फैसलने तिचा व्हिडिओ दाखवलान, एका मोबाईलवर डोकी लावून बघितला आम्ही. दोन वर्षांनी आयला हसताना बघितलं. शुक्रन हां, भाय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, निकाल येईपर्यंत थांब."