नुकसान : निरंक

समुद्र आमच्या शेतात शिरला त्याच्या दोन दिवस आधी त्याची खबर माझ्या मोबाईलवर आली होती. 'पुढील अठ्ठेचाळीस तास मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' मी ती वाचली आणि पुसून टाकली. आम्ही मच्छीमार नाही. आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. पावसाळ्यात भातशेती, बाकीचे महिने मिठागरावर मजुरी. समुद्रात जायचा आमचा संबंधच येत नाही. पण समुद्र आमच्याकडे येऊ शकतो, हे त्या खबरेत कुठे लिहिलं होतं? नव्हतं. माझा राग तिथून सुरू होतो, आणि त्यातला पहिला वाटा माझा मलाच आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमची शेतं आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध आहे. भरती आली की बांधाच्या पलीकडचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच असतं. पेणहून येणाऱ्या पाहुण्यांना ते बघून धडकी भरते, आम्हाला काही वाटत नाही. बांधाची राखण माझे सासरे काळुराम करतात. रोज एक फेरी, खेकड्यांनी पाडलेल्या बिळांत चिखल कोंबायचा, आणि उघाडीची, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायच्या दाराची, फळी तपासायची. घड्याळ त्यांनी आयुष्यात बांधलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. पंचमी असेल तर पावणेचार वाजता भरती. पुनवेला आणि अवसेला मोठी भरती, ते उधाण. अष्टमीला लहान भरती, तो भांग. सत्तर वर्षांत त्यांचा हिशोब कधी चुकला नव्हता, त्यामुळे त्यांना दुसऱ्याचा हिशोब ऐकायची सवयही नव्हती.

माझा भाऊ जगन कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीवर खलाशी आहे. खबर आली त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"चंद्रे, पुनव कवा हाय?"

"परवा. दत्तजयंती नाय का!"

"मंग नीट आयक. आमी मिनिकॉयच्या बाहेर उभे हाव. बेटाच्या भवती पोवळ्याची कड हाय, तिच्या आत पानी तळ्यागत गप असतं. आज लाटा त्या कडेवरनं आत पडतात. हवा नाय, पाऊस नाय, पन लाट अशी लांबलचक, दम धरून येते, की बोट धक्क्याला लावता येत नाय. वादळ अजून लांब हाय. लाट त्याच्या आधी पोचते. आन् वादळ वर सरकतंय, तुमच्याच बाजूला. पुनवेचं उधान आन् ही लाट एकदम आली तं बांध टिकंल? म्हाताऱ्याला सांग, उघाडीजवळची बाजू बघून घे."

मी सांगितलं. सासरे पडवीत सुंभ वळत बसले होते. ते मान वर न करताच हसले.

"थंडीच्या दिसांत कसलं वादळ? आन् तो मिनिकॉय कुठं, आपला बांध कुठं! आपुन काय कोळी हाव?"

मीही हसले. हसले, हे खोटं कशाला बोलू? पुनवेला सगळं गाव दत्ताच्या देवळात होतं. प्रसाद घेऊन घरी आलो तेव्हा वारा सुटला होता, झोंबणारा, आणि मी दार लावून घेतलं.

सकाळी पेंढा आणायला गेले तर शेत नव्हतं. पाणी होतं. उजाडत्या आभाळाखाली पार गावाच्या तळ्यापर्यंत नुसतं पाणी, आणि त्यावर आमच्या पेंढ्याच्या पेंड्या तरंगत चाललेल्या. उघाडीशेजारी बांधाला खांड पडली होती. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा बांध वाहून गेला होता आणि त्या भगदाडातून खाडी ये-जा करत होती. याच जागेसाठी दोन वर्षांत मी तीन अर्ज लिहिले होते, माझ्या हाताने, सासऱ्यांच्या अंगठ्याने. 'बांध आता शासनाचा आहे, ग्रामस्थांनी परस्पर काम करू नये,' असं उत्तर एकदा आलं होतं. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही!

ओहोटीला पाणी उतरलं, जमीन वाळली, आणि दोन दिवसांत काळ्या ढेकळांवर मीठ फुटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एकदा खारं पाणी शेतात उभं राहिलं की पुढची तीन वर्षं तिथे भात होत नाही. एका भरतीने एवढं होतं. खांड उघडी राहिली तर अवसेच्या उधाणाला पाणी घरात येणार आणि ती जमीन कायमची खाडीच्या घशात जाणार. शेजारच्या एका गावाची अशीच गेली, आता तिथे खाऱ्या पाण्यातली तिवरं उगवलीत. आमच्याकडे पंधरा दिवस होते.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसातून एक साहेब आले पंचनाम्याला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. खांडीपर्यंत चिखल होता म्हणून त्यांनी ती लांबूनच पाहिली आणि आमच्या पडवीत बसून कागद भरायला घेतला.

"उभं पीक किती गेलं?"

"पीक कापून झालं गेल्याच महिन्यात. जमीन गेली, साहेब."

"जमीन कुठे गेली? जमीन तर जागेवर आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी शांतपणे सांगितलं की जमीन खारवली, तीन वर्षं पिकणार नाही, तुम्ही कागदावर नुकसान दाखवलंत तर खांड बुजवायला मशीन मिळेल. साहेब म्हणाले, रकाना उभ्या पिकाचा आहे. उभं पीक नाही, म्हणजे नुकसान निरंक.

"आणि वादळाची सूचना तर वेळेवर दिली होती," ते म्हणाले. "सगळ्यांच्या मोबाईलवर."

"ती मच्छीमारांना होती."

"मग?"

"मग बांधाआडच्या माणसांना कोणी सांगायचं? एक ओळ जास्त लिहिली असती तर शाई संपली असती का तुमची?"

"ते आमच्या खात्याचं नाही, ताई. जरा चहा मिळेल?"

दिला. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी येतं, बाकी सगळं तळ्यावर, आणि तळ्यात खाडी शिरलेली. त्याच पाण्याचा चहा ठेवला. दूध घातल्याबरोबर फाटला. तसाच फाटका चहा कपात ओतून त्यांच्यासमोर ठेवला. पिऊन कळू दे एकदाचं. त्यांनी कपात पाहिलं, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "दूध शिळं दिसतंय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! साहेब निरंक लिहून गेले. मी कप उकिरड्यावर पालथा केला आणि तिथे उभी राहून रडले, रागाने.

पुनवेपासून सासरे बांधावर गेले नव्हते, जेवत नव्हते. मी म्हटलं, "मामा, जोळ बोलवा." जोळ ही आमच्याकडची जुनी रीत. बांधाआड ज्याची जमीन आहे त्या प्रत्येक घरातून एक माणूस बांधाच्या कामाला जातो. बांधाच्या राखणदाराने हाळी दिली की ताटावरूनही उठायचं, कारण विचारायचं नाही. बांध सरकारने घेतला तेव्हापासून जोळ बसलाच नव्हता.

"मी नाय हाळी देत," ते म्हणाले. "तू सांगलंस, मी हसलू. कनच्या तोंडानं बोलवू लोकांना? आन् येनार कोन? पोरं समदी धाटावला शिफ्टला. तुझा कान्हू तरी घरात हाय काय?"

खरं होतं. माझा नवरा कान्हू धाटावच्या एका कारखान्यात, त्याच्यासारखे गावातले निम्मे तरुण रोह्याकडे. मी त्यांना एवढंच विचारलं, "खांड कवा बुजवायची?" त्याला मात्र त्यांनी लगेच उत्तर दिलं, डोळे मिटून. "अष्टमीला. भांगाचं पानी. सहाला भरती, बाराला ओहोटी. नऊला सुरू केलं तं तीनच्या आत माती बसली पायजे. त्याच्या आधी नाय, त्याच्या नंतर नाय."

सप्तमीच्या संध्याकाळी मी देवळासमोर उभी राहिले आणि हाळी दिली. बाईने हाळी दिल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. माझा आवाज चिरकला. "उद्या नऊला जोळ! उघाडीवर! घरटी एक माणूस!" दोघातिघांनी खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. धोंडुबाई, आमच्या शेजारची, सत्तरीची विधवा, ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती ओरडली, "काळुराम मेला काय गो?"

"मेले नाय. लाजले."

"मंग लाजू दे त्याला. मी येते. माझं घमेलं हाय."

अष्टमीला नऊ वाजता उघाडीवर अकरा बायका होत्या. समोर दोन गाड्यांएवढी खांड, पण आता परत कुठे जायचं? बांबूच्या मेखा ठोकायला घेतल्या, त्यांच्यामध्ये पेंढ्याच्या पेंड्या, वर चिखल. दहा वाजता मोटरसायकली वाजल्या. रात्रपाळी संपवून कान्हू आणि त्याच्याबरोबरचे सहा जण कंपनीच्या निळ्या शर्टात तसेच आले होते, डोळे तांबडे. मग त्यांना बघून खिडक्या लावून घेतलेलेही आले, नजर चुकवत. मी त्यांच्यापुढे घमेली सरकवली. जोळात कारण विचारत नाहीत, तसं उशिराचंही विचारू नये.

पण मधली धार काही केल्या बसेना. टाकलेली माती धुऊन जायची. बारा वाजून गेले, पाणी परत चढायला लागणार. तेवढ्यात मागून आवाज आला, "पेंढा आडवा नको, उभा लाव रं, मुळं खाडीकडं!" सासरे. धोतर खोचून ते सरळ धारेत उतरले, छातीपर्यंत, आणि हात वर करून म्हणाले, "दे घमेलं." धोंडुबाईने दिलं. पावणेतीनला धार थांबली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे तिथेच चिखलात बसले आणि कान्हू बसल्या जागी झोपला.

पुढचा आठवडा रोज भर घातली. अवसेच्या सकाळी सासऱ्यांनी मला हाक मारली. "चंद्रावती, जगनला फोन लाव. इचार त्याला, मिनिकॉयला दर्या कसा हाय?"

दर्या शांत होता. पोवळ्याच्या कडेच्या आत पाणी गप होतं. तरी हिवाळ्यात रात्रीची भरती मोठी, म्हणून ती रात्र सगळं गाव बांधावर होतं. पाणी माथ्यापासून वीतभर खाली येऊन थांबलं आणि परत गेलं.

आणि सकाळी कोण यावं? साहेब! वरातीमागून घोडं. या वेळी चिखल नव्हता, म्हणून थेट बांधावर आले, दोन्ही बाजूंनी बघितलं, फोटो काढला.

"अरे वा, बांध तर उत्तम आहे. म्हणजे मी लिहिलं तेच बरोबर होतं." त्यांनी कागद पुढे केला. "इथे राखणदाराची सही लागेल."

सासऱ्यांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने वाचलं. 'सदर ठिकाणी पाहणी केली असता बांध सुस्थितीत आढळला. नुकसान : निरंक.'

"हा बांध आम्ही बांधलाय!" मी ओरडलेच. "बायकांनी, हातांनी, तुम्ही निरंक लिहून गेल्यावर! इथे खांड होती, तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती!"

"ताई, आज जे दिसतंय तेच लिहिणार ना मी?"

सासरे बांधाच्या पोटाशी एका बिळात चिखल कोंबत होते. ते वर आले. मनगटापर्यंत हात बरबटलेला.

"साहेब, हितं येक वळ लिवा. दर्या आयला होता."

"बाबा, असा रकाना नाही."

"आयला होता तं लिवायला काय झालं?"

"रकाना नाही हो. तुम्ही फक्त अंगठा द्या."

आजवर ऑफिसने जिथे म्हटलं तिथे सासऱ्यांनी अंगठा उमटवला होता, न विचारता. त्यांनी कागद हातात घेतला. मला विचारलं, निरंक कुठं लिवलंय? मी बोट ठेवलं. त्यांनी पूर्ण पंजा पसरला आणि बरोबर त्या शब्दावर दाबला, पाची बोटं, तळव्यासकट.

"घ्या. ही माझी सही."

साहेबांनी कागद दोन बोटांत धरला आणि चिखल वाळावा म्हणून फुंकर मारायला लागले. मी म्हटलं, फुंका साहेब, चांगला वाळू द्या. आमच्या खाऱ्या जमिनीतला चिखल ओला असेपर्यंत काळा दिसतो. त्यांनी फाईल बांधून मोटरसायकलला किक मारेपर्यंत त्या पंजाच्या कडांना मीठ फुटायला लागलं होतं.