पेट्यांपाशी सांगायची गोष्ट

ताई बसमधून उतरली तेव्हा तिला घ्यायला मेहुणे आले होते. छोटी नव्हती.

"उद्याची तुकडी मोठी आहे. चमचे उकळत बसलीय," मेहुणे म्हणाले आणि त्यांनी तिची पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर, रिकाम्या बरण्यांच्या खोक्यांवर ठेवली.

छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. साठीला टेकली होती, अंगानं ताईच्या दीडपट झाली होती, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं. लग्नानंतर ती आणि मेहुणे जंगलाच्या कडेला राहायला आले. आधी हौस म्हणून दोन-चार मधपेट्या ठेवल्या, हळूहळू सगळा उतार पेट्यांनी भरला, आणि आता काही वर्षं शनिवार-रविवारी शहरातली माणसं यायला लागली होती. सकाळी जंगलात फेरी, मग पेट्या उघडून बघायच्या आणि शेवटी मध चाखायचा, असा बेत असे. छोटी सगळ्यांना फिरवायची, मेहुणे पेट्या सांभाळायचे.

ताई शहरातच राहिली. तिनं लग्न केलं नाही. कापडाच्या गिरणीत माल तपासायचं काम केलं, निवृत्त झाली, आणि त्यानंतरची सगळी वर्षं बाबांचं करण्यात गेली. बाबा गेल्या थंडीत गेले. तेव्हापासून छोटी दर फोनला म्हणायची, "ये ना गं. आठ दिवस राहा. पोटभर बोलू."

त्या पोटभर बोलण्यासाठीच ताई आली होती. घरी दिवसचे दिवस तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. दुकानात 'अर्धा लिटर' म्हणायचं, जिन्यात कुणी भेटलं तर 'हो ना' म्हणायचं, की संपला दिवस. बाबांची खोली तिनं अजून उघडली नव्हती. त्यांची सुतारकामाची हत्यारं कुणाला द्यावीत, का ठेवावीत, हे तिला छोटीला विचारायचं होतं. आणि खरं म्हणजे काही विचारायचंही नव्हतं. ज्या माणसानं आपलं लहानपण बघितलंय अशा एका माणसासमोर नुसतं बसायचं होतं.

छोटी दारात आली ती दोन्ही हात वर धरून. "हात चिकट आहेत, कोपरानंच मिठी मार!" म्हणाली आणि ताईला कोपरांत आवळून धरलं. "किती वाळलीस! काही खातेस की नुसती हवा पितेस?" ताई उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. जेवतानाही तो वाजतच राहिला. कुणाला रस्ता हवा होता, कुणाला माशा चावतात का ते विचारायचं होतं. छोटी प्रत्येकाला हसून उत्तर द्यायची, ताईकडे बघून 'एकच मिनिट' अशी खूण करायची आणि पुन्हा हसायची.

"उद्या तू तुकडीबरोबरच ये," शेवटी ती म्हणाली. "चालता चालता बोलू."

सकाळी अंगणात माणसं जमली. एकमेकांचे फोटो काढणारं एक नवं जोडपं होतं, एकाच ऑफिसातल्या तीन मैत्रिणी होत्या, आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ होते. त्यांनी गाडीतून पाय खाली ठेवायच्या आतच तीन प्रश्न विचारले, म्हणून ताईनं मनातल्या मनात त्यांचं नाव शंकासुर ठेवलं. मेहुण्यांनी सगळ्यांना जाळीच्या टोप्या वाटल्या. ताईलाही एक दिली.

जंगलातली वाट एका माणसापुरती होती. छोटी सगळ्यांत पुढे आणि ताई सगळ्यांत मागे. पुढून छोटीचा आवाज यायचा, मोठा, चढा, मधेच थांबून लोकांना हसायला जागा ठेवणारा. घरी बाबांच्या धाकानं कुजबुजणाऱ्या छोटीचा हा आवाज ताईनं कधी ऐकला नव्हता. छोटी एका झाडाच्या ढोलीपाशी थांबली आणि सांगू लागली की नव्या घराच्या शोधात निघालेल्या माशा आधी जागा बघून येतात, मग परत येऊन नाचून बाकीच्यांना पत्ता सांगतात.

"आणि पत्ता पटला नाही तर?" शंकासुरांनी विचारलं.

"तर भांडतात. घर बदलायचं म्हटलं की कुणाच्या घरात भांडणं होत नाहीत?"

सगळे हसले. नव्या नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. छोटीनं दोनदा मागे वळून "सगळे आहात ना?" असं विचारलं. ताईनं दोन्ही वेळा हात वर केला. पण ते विचारणं सगळ्यांसाठी होतं.

जंगल संपल्यावर पेट्यांचा उतार लागला. मेहुण्यांनी धुराचा डबा पेटवला, एका पेटीचं झाकण काढलं आणि आतून माशांचा एकसुरी आवाज वर आला. ऑफिसातल्या मैत्रिणींपैकी सगळ्यांत धाकटी होती ती दोन पावलं मागे सरली आणि रडकुंडीला आली. "मला नाही जमणार. मी इथेच थांबते."

छोटी तिच्याजवळ गेली, तिच्या टोपीची जाळी नीट केली आणि म्हणाली, "घाबरणं बरोबरच आहे. मी तर यांच्या घरात हात घातला होता. ऐकायचंय?"

आणि तिनं गोष्ट सांगितली.

"माझे वडील सुतार होते. घरामागच्या शेडमध्ये कुणाचं तरी एक जुनं कपाट दुरुस्तीला येऊन पडलं होतं आणि त्यात माशांनी पोळं केलं होतं. त्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. आणि ताकीद दिली की हात शिवशिवायचेच! एका दुपारी मी पिवळा फ्रॉक घालून गेले आणि कपाटाचं दार उघडलं. पुढचं काही कळलंच नाही. माझे वडील एरवी अतिशय कडक, आम्ही त्यांच्या सावलीलाही भ्यायचो. पण त्या दिवशी ते धावत आले, अंगातला शर्ट काढून त्यात मला गुंडाळलं आणि उचलून पळत सुटले. ओसरीवर बसवून पटाशीच्या बोथट कडेनं एकेक काटा खरवडून काढला. त्यांच्या अंगाला भुशाचा आणि व्हार्निशचा वास येत होता. सारखं म्हणत होते, 'रडू नकोस, मी आहे ना.' मला त्या माशांचा रागच आला नाही कधी. त्यांच्यामुळे मी वडिलांच्या कडेवर बसले."

धाकट्या मैत्रिणीनं डोळे पुसले आणि ती पेटीजवळ आली. पेटीतली पोळ्याची एक चौकट हातात धरून तिनं फोटोही काढून घेतला.

ताई उभी होती तिथेच उभी राहिली. कपाटाचं दार तिनं उघडलं होतं. पिवळा फ्रॉक तिचा होता. बाबांनी उचललं होतं ते तिला. छोटी तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली, शेडच्या दाराशी उभी राहून ताईपेक्षा मोठ्यानं रडत होती. इतकी वर्षं बाबांचे पाय चेपताना, त्यांची ताटं परत नेताना, त्यांचं एकही गोड वाक्य न ऐकता झोपी जाताना ताईनं ही एक दुपार जपून ठेवली होती. ती कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं कुणी नव्हतंही.

चाखायला सगळे व्हरांड्यातल्या लांब टेबलाशी बसले. छोटीनं आधी मोहरीच्या फुलांचा मध दिला, मग निलगिरीचा, शेवटी जंगलातला काळपट. शंकासुरांना त्यात जळक्या लाकडाची चव लागली, जोडप्याला एकमेकांच्या चमच्यातला जास्त गोड लागला. धाकटी मैत्रीण ताईच्या शेजारी बसली होती. तिनं आपुलकीनं विचारलं, "काकू, तुम्ही एकट्याच आलात?"

"हो," ताई म्हणाली. छोटीकडून ओळख करून द्यायची राहूनच गेली होती, आणि आता आपण कोण ते सांगायचं म्हणजे त्या गोष्टीत आपण का नाही तेही सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी दोघी मोरीशी उभ्या राहून चमचे धूत होत्या. ताईनं ठरवलं होतं, बोलायचं नाही. पण तोंडातून निघून गेलंच.

"ते कपाट मी उघडलं होतं, छोटी."

"कुठलं कपाट?"

"शेडमधलं. बाबांनी उचललं ते मला."

छोटी हसली. "काहीतरीच काय! मला स्पष्ट आठवतंय. पिवळा फ्रॉक—"

"तो तुला नंतर आला. माझा आखूड झाल्यावर. माझं सगळं तुलाच यायचं."

"आणि भुशाचा वास? तोही मला नंतर आला?" छोटीचा आवाज बदलला. सकाळचा चढा आवाज गेला आणि लहानपणीचा, कुजबुजता आवाज आला. "तू तेव्हा आत्याकडे होतीस."

"मी आत्याकडे कधीच राहिले नाही."

नळ वाहत होता. मेहुणे दारापर्यंत आले, दोघींची तोंडं बघितली आणि आल्या पावली परत गेले.

"ताई," छोटी म्हणाली, "बाबांनी मला उचलल्याचं मला दुसरं काहीही आठवत नाही. काही म्हणजे काहीच नाही. तुझ्याजवळ तर ते शेवटपर्यंत होते."

"होते. 'पाणी दे' आणि 'दिवा घालव' म्हणायचे."

"म्हणायचे तरी. मला तर फोनवरही विचारायचे, कोण बोलतंय?"

साक्षीला बोलवावं असं कुणीच उरलं नव्हतं. आई कधीच गेली, आता बाबाही गेले, आणि माशीचा डंख साठ वर्षं अंगावर थोडाच राहतो? दोघींनी चमचे पुसले.

रविवारची तुकडी लहान होती. ताईला घरी बसवेना म्हणून तीही गेली. पेट्यांपाशी एक मध्यमवयीन बाई घाबरली, हात मागे बांधून उभी राहिली. मेहुण्यांनी सवयीनं छोटीकडे पाहिलं. छोटीनं तोंड उघडलं, मग म्हणाली, "काही होत नाही हो. हळू चाला, म्हणजे झालं." ती बाई शेवटपर्यंत लांबच उभी राहिली. तिचा नवरा एकटाच पेटीत डोकावून आला.

दुपारी माणसं गेल्यावर छोटी व्हरांड्याच्या पायरीवर बसली. ताई तिच्याजवळ बसली.

"आज नाही सांगितलं मी," छोटी म्हणाली.

"बघितलं."

"जीभच रेटेना. सांगताना वाटायला लागलं, हे खरंच माझं आहे ना?" ती ताईकडे न बघता बोलत होती. "तुझं असेल तर काय करायचं?"

ताईला म्हणता आलं असतं की माझंच आहे. पण छोटीचा चेहरा तिला बघवेना. "सांगत जा," ती म्हणाली. "माणसांची भीती जाते त्यानं."

"आणि तू?"

"मी कुणाला सांगू? माझ्याकडे कुठे तुकड्या येतात?"

छोटी खो खो हसली. तिनं ताईचा हात हातात घेतला. "इथेच राहा ना," ती म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं हे ताईला कळलं. राहिलं तर पुन्हा फोन वाजेल, पुन्हा शनिवार येईल, पुन्हा आपण रांगेत सगळ्यांत मागे असू, हेही कळलं.

"येईन परत," ती म्हणाली. बाबांच्या हत्यारांचं तिनं विचारलंच नाही.

आठ दिवसांसाठी आलेली ताई सोमवारीच निघाली. छोटीनं तीन बरण्या बांधून दिल्या, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली, आणि बस हलल्यावर काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. ताईनं मान डोलावली.

बसमध्ये गर्दी नव्हती. ताईनं डोकं खिडकीला टेकवलं आणि ती दुपार आठवायला घेतली. घरी हे तिला सहज जमायचं. डोळे मिटले की कपाटाचं गरम दार हाताला लागायचं, शर्टाचा अंधार व्हायचा, कानाशी बाबांची धाप ऐकू यायची. आज तसं झालं नाही. आज छोटीचाच आवाज ऐकू आला, मधेच थांबून हसायला जागा ठेवणारा. मग बाबा दिसले. उघड्या अंगानं, पिवळा फ्रॉक छातीशी धरून ते अंगणातून पळत होते. पण ताई त्यांच्या हातांत नव्हती. ती त्यांना लांबून बघत होती, शेडच्या दारातून, आणि रडत होती.

तिनं डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा सुरुवातीपासून आठवून पाहिलं. पुन्हा शेडचं दारच आलं. मुलीचा चेहरा काही दिसेना. बाबांच्या खांद्यापलीकडे नुसते केस दिसत होते, आणि दोघींचे केस तेव्हा सारखेच होते.

"तिकीट?" कंडक्टर शेजारी येऊन उभा होता.

ताईनं शहराचं तिकीट मागितलं.

"एक?"

"एक," ती म्हणाली.