हंसाबाईची अट

अंगठ्याएवढा काचेचा पेला, आणि त्याच्या तळाशी काळ्या मनुकांच्या रसाचं वाळलेलं तांबडं कडं — शांतवन बोटाला फडकं गुंडाळून ते पुसत होता आणि ते निघत नव्हतं. प्रभुभोजनाचे असे बावन्न पेले तो दर महिन्याला धुतो, गेली एकोणीस वर्षं, चर्चच्या मंडळीचा पंच असून, निवृत्त हेडमास्तर असून, स्वतःच्या हातानं. लोक हे बोलून दाखवतात आणि तो मान खाली घालतो. मान किती खाली घालायची हेही आता सरावाचं झालंय. उद्याच्या प्रभुभोजनाच्या मेजाचे पेले मात्र त्यानं फक्त धुवायचे होते. वाटायचे नव्हते, स्वतः घ्यायचाही नव्हता.

हंसाबाईशी समेट करा, तोवर मेजापासून दूर राहा, असं चर्चच्या पाळकानं त्याला गेल्या रविवारी सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण मंडळीत हळू आवाज सगळ्यांना ऐकू येतो. आणि सांगणारा कोण — त्याच्याच शाळेतला, सातवीपर्यंत तेराचा पाढा न येणारा पोरगा! ... पण हे मनात आलं की पुन्हा गर्व, आणि गर्वाबद्दल क्षमा मागावी तर ती क्षमासुद्धा आपण किती छान मागतो असं वाटायला लागतं. या जंजाळातून सुटका नाही.

पावसाळ्यात हंसाबाई घरी आली होती. केळापूरच्या फाट्यावर तिचं चहाचं हॉटेल, नवरा नाही, एकुलता एक रोशन ट्रकवर ड्रायव्हर. रोशनचं रक्त तपासलं होतं आणि एचआयव्ही निघाला होता. गोळ्या सुरू झाल्या होत्या. कोणालाच माहीत नाही मास्तर, तुम्ही प्रार्थना करा, एवढंच ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत निघून गेली. आणि शांतवननं प्रार्थना केली — त्याच रविवारी, उपासनेत, माइकवर, डोळे मिटून. रोशनचं नाव घेतलं, आजाराचं नाव घेतलं, गोळ्यांचं घेतलं, हायवेवरच्या पापांची क्षमासुद्धा मागून टाकली, जी पापं त्याला कोणी सांगितलीच नव्हती. त्या दिवशीइतकं मोठं आमेन त्या छपराखाली कधी उठलं नव्हतं. हंसाबाई तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि डोळे उघडले तेव्हा तिथं नव्हती.

मी वाईट हेतूनं केलं नव्हतं. मी रडलो होतो, खरोखर रडलो होतो... पण रडता रडता आवाज कुठे खाली घ्यायचा हे मला कळत होतं, हेही खरंच. पंधरा दिवसांत हॉटेलचं गिऱ्हाईक तुटलं, मालकानं रोशनला गाडीवरून उतरवलं, आणि रोशन एक बॅग घेऊन हैदराबादकडे गेला तो गेलाच. फोन बंद. गोळ्या घेतो की नाही कोणास ठाऊक. पोरगा मेला तर... इथे शांतवन नेहमी थांबतो आणि प्रार्थना सुरू करतो, म्हणजे पुढचा विचार करावा लागत नाही.

"जाऊन या न एकदाचे," कोकिळा, त्याची बायको, मागून म्हणाली. "कायले काचा घासून राह्यले सकाळपासून?"

तो गेला. पांढरकवड्याहून ऑटोत बसला, शेजारी कोणाचं तरी सरकीचं पोतं, बाहेर कापसाच्या गाड्या — आणि फाटा येईपर्यंत त्याच्या डोक्यात साक्ष तयारही झाली होती. प्रियांनो, मी त्या बहिणीच्या दारी गेलो, माझं वय विसरलो, माझी पदवी विसरलो... उद्याच्या उपासनेत उभं राहून ती कुठल्या सुरात सांगायची, कुठे थांबायचं, सगळं. लाज वाटली. तरी एक वाक्य त्यानं दुरुस्त केलं.

हॉटेलात दोनच ड्रायव्हर होते, प्लास्टिकच्या कपात चहा घेत. हंसाबाई स्टोव्हपाशी. शांतवननं तिच्यासमोर गुडघे टेकले. टेकण्याआधी त्यानं त्या दोघांकडे पाहून घेतलं होतं, आणि ते हंसाबाईनं पाहिलं.

"उठा मास्तर," ती म्हणाली. "म्या तुमाले एकट्याले सांगतलं होतं. देवाले माइक लागते काय?"

पाठ केलेलं सगळं पळालं. चुकलं माझं, माफ करा, एवढंच कसंबसं बाहेर आलं, तेही घोगरं. तिनं दूध उतू जाऊ नये म्हणून आच कमी केली.

"माफ करीन का नाही, ते मी देवाले सांगीन, तुमाले नाही. पन एक करा. तुमी आलते, माफी मांगली, हे कोनाले सांगू नका. पाळकाले नाही, कोकिळाबाईले नाही. माह्या पोराच्या नावावर अजून एक साक्ष नको."

पाळक विचारेल, तो म्हणाला. इचारू द्या, ती म्हणाली, आणि ड्रायव्हरचे पैसे घ्यायला वळली.

तो रस्त्यापलीकडे येऊन उभा राहिला. संताप आला, सरळ तिचाच. म्हणजे उद्या समेट झाला का विचारतील आणि मी गप्प. पेले वाटले जातील आणि मी मागच्या बाकावर. मास्तर ताठ निघाला, एका चहावालीच्या दारात जायला याला जड गेलं, असं बावन्न माणसं घरी जाऊन बोलतील, आणि दर महिन्याला बोलत राहतील. ज्या दिवशी खरंच वाकलो त्याच दिवसापासून गर्विष्ठ ठरायचं! हे तिला कळत होतं? कळत असावं. मोडावी का अट? कोकिळाला एकटीला सांगितलं तर...

रिकामा ऑटो येऊन थांबला. त्यानं नको म्हणून हात हलवला. डोळे मिटले, ओठ सवयीनं सुरू झाले — हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी लेकरं — आणि स्वतःचाच तो सरावानं घोटलेला आवाज ऐकून तो थांबला. ट्रक गेले. पुन्हा प्रयत्न केला, काही आलं नाही. एवढी वर्षं तो देवासमोर बोलत आला होता. आजची गोष्ट देवाशिवाय कोणाला सांगता येणार नव्हती, आणि नुसत्या देवाशी काय बोलतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याला भीती वाटली, आणि तो तिथेच उभा राहिला.