गरम की गार

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या आमच्या वर्गाचा एक नियम आहे. प्रत्येकाने एकेक फोटो आणायचा आणि तो कुठे काढलाय ते बाकीच्यांनी शोधायचं. ज्याचा फोटो त्याने फक्त दोनच शब्द बोलायचे. कोणी जवळ पोचलं तर ‘गरम’, भरकटलं तर ‘गार’. लहानपणी कपाटामागे लपवलेली वस्तू शोधताना आम्ही हेच खेळायचो. आता मोठी माणसं फी भरून खेळतात आणि मी, रुलीन, त्यांची मास्तरीण.

माझा धंदा सांगायला सोपा आहे. जे सगळ्यांना दिसतं तेच मी बघते, फक्त जरा जास्त वेळ. लोकांनी चव्हाट्यावर टाकलेले फोटो, नकाशे, उपग्रहाची चित्रं. कुठल्या गावावर बॉम्ब पडला, कुठल्या बंदरात जहाज नाव बदलून उभं राहिलं, हे मी खुर्चीतून न उठता सिद्ध केलंय आणि कोर्टात ते टिकलंयही. शितावरून भाताची परीक्षा, एवढंच. या सगळ्याचा मला गर्व होता, तो कशाला लपवू? नव्या वर्गाला मी आधीच बजावते, “कोणाच्या शब्दावर जाऊ नका. माझ्याही नाही. पुरावा मागा.”

त्या शुक्रवारी फोटो राइंडर्टचा होता. राइंडर्ट म्हणजे पन्नाशीला टेकलेला, इस्त्रीच्या शर्टातला, हळू बोलणारा गृहस्थ. वर्गात सगळे मला अगं-तुगं करतात, हा एकटा ‘तुम्ही’ म्हणायचा. मला ते आवडायचंसुद्धा.

फोटोत लहान मुलीची लाल सायकल होती. मागे कोरी भिंत, बाजूला घट्ट ओढलेला पडदा.

“माझ्या भावाच्या घरातला आहे,” तो म्हणाला.

“भिंत आणि सायकल! आमच्यावर कसला सूड उगवतोयस, राइंडर्ट?” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

येस्का हसली नाही. वकिलीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेली ही पोरगी, एकदा मागे लागली की सोडत नाही. “घंटी मोठी करा,” ती म्हणाली. सायकलची घंटी चकचकीत होती. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागची दुसरी, उघडी खिडकी तिच्यात उतरली होती, आणि खिडकीत पाण्याच्या टाकीचा मनोरा. येस्काने ते वाकडं प्रतिबिंब ताणून सरळ केलं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी टाळीच दिली.

“झीलंड,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. “असली टाकी दक्षिणेला, झीलंड प्रांतातच.”

मी राइंडर्टकडे बघितलं. तो गरम म्हणाला नाही, गारही म्हणाला नाही. तो वहीत ‘झीलंड’ लिहून घेत होता.

ज्याला उत्तर माहीत आहे तो ते लिहून कशाला घेईल?

“राइंडर्ट, गरम की गार?” मी विचारलं.

“कोमट,” तो म्हणाला. वर्ग खो-खो हसला.

मी गुपचूप तोच फोटो माझ्या लॅपटॉपवर शोधायला टाकला. जुन्या वस्तूंच्या बाजारातली एक जाहिरात निघाली. ‘मुलीला लहान पडते म्हणून विकणे आहे. हातात देईन ती फक्त स्टेशनवर. घरचा पत्ता कृपया विचारू नये.’ नावाच्या जागी एक अक्षर, गावाच्या जागी काहीच नाही. अशा जाहिराती कोण लिहितं ते मला ठाऊक आहे. घरातून जीव वाचवून निघालेल्या बायका लिहितात.

“झालं,” मी उठून म्हणाले. “झीलंडच आहे. छान काम केलंत. चला, जेवून घेऊ.” टाकी झीलंडची नाही हे मला दिसत होतं; आयुष्यात वर्गासमोर मी पहिल्यांदा खोटं बोलत होते, आणि बरं जमलं असं मला वाटलं.

“थांब ना,” येस्का म्हणाली. “झीलंडची टाकी सिमेंटची आहे. ही विटांची आहे, वर तांब्याची टोपी आहे. ही पार उत्तरेतल्या फ्रीसलंडची.”

“येस्का, नंतर बोलू.”

“नंतर काय? चुकतेयस तू.”

“मी सांगतेय ना, झीलंड.”

“तुझ्या शब्दावर जाऊ नका असं तूच सांगतेस,” ती हसून म्हणाली. “पुरावा दे.”

गुरूची विद्या गुरूलाच. माझ्याकडे पुरावा नव्हता, तिच्याकडे होता. मी तिच्या स्क्रीनची वायर ओढेपर्यंत तिने गाव सांगितलं, रस्ता सांगितला, टाकीच्या कोनावरून वरचा मजलाही सांगितला. ते नाव मी इथे लिहिणार नाही. राइंडर्टने लिहून घेतलं. मग वही मिटून कोट घातला आणि जाताना माझ्यापाशी थांबला.

“तुम्ही फार छान शिकवता,” तो म्हणाला.

मी त्याच्या आडवी उभी राहिले. तो बाजूने निघून गेला. बाकीचे चीजचे सँडविच आणि ताक घेऊन बसले होते, आणि मी जिन्यात पोलिसांना फोनवर अनोळखी बाईच्या घराचा पत्ता सांगत होते. अगदी मजल्यासकट.

पोलीस त्याच्या आधी पोचले. मायलेकींना त्यांनी दुसरीकडे हलवलं. नंतर राइंडर्टची गाडी आली, रिकाम्या घरासमोर थांबली. त्याने अजून काही केलंच नव्हतं, म्हणून नाव लिहून घेऊन त्यांनी त्याला सोडून दिलं.

संध्याकाळी तिथल्या पोलीसबाईचा फोन आला. येस्का माझ्यासमोर बसून होती. तिला मी सगळं सांगितलं होतं.

“त्या मुलीच्या आईला तुमच्याशी बोलायचंय,” पोलीसबाई म्हणाली.

मी शिव्या खायच्या तयारीने बसले. पण तिचा आवाज शांत होता. मागे मुलगी काहीतरी मागत होती.

“मला एवढंच सांगा, तुम्हाला दिसलं कशात?” तिने विचारलं. “पुढच्या वेळी चूक नको व्हायला. मी पडदा लावला होता. भिंतीवरचं सगळं काढलं होतं.”

उत्तर तिला मिळायलाच हवं होतं.

“घंटीत,” मी म्हणाले. “सायकलच्या घंटीत खिडकी दिसत होती.”



“गंजली होती हो ती,” ती म्हणाली. “चांगली दिसावी म्हणून मीच घासून पुसली.”