मुकादमावरचा आळ

“प्लेट रिकामी दिसतेय म्हणून टाकून द्यायची नाही. काही बुरश्या फार सावकाश येतात. धीर धर.”

कॉलेजातल्या मॅडमचं हे बोलणं आत्याच्या कानात होतं, म्हणून बुरशी वाढवायच्या त्या दोन प्लेटा प्रयोगशाळेच्या उबदार कपाटात अजून तग धरून होत्या. वर्गातल्या मुली तर “काय गं, अंडी उबवतेयस का?” असं विचारून विचारून थकल्या होत्या.

आत्या गुरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. भावाकडे राहून शिकत होती. भाची झाल्यापासून घरात तिला दुसरं नावच उरलं नव्हतं. भाची म्हणजे भिंगरी; सात वर्षांची. एका जागी बसलेली दिसली तर वहिनी आधी कपाळाला हात लावून ताप पाहायची. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालायच्या हा आत्याचा नेम. आधी वेण्या, मग प्रार्थना. परीक्षा असो, पाहुणे असोत, त्यात कधी खंड पडला नव्हता.

अशाच एका सकाळी भांग पाडता पाडता कंगवा थांबला. डोक्यावर नाण्याएवढा गोल डाग होता. केस मुळाशी तुटलेले, कड लालसर.

“गजकर्ण आहे हे, वहिनी,” आत्या म्हणाली. बुरशीचे रोग नुकतेच शिकवून झाले होते. आवाजात काळजी होती, आणि चिमूटभर ऐटसुद्धा.

“अगं बाई! कशानं झालं?”

“मांजराकडून. दुसरं काय?”

मांजर म्हणजे मुकादम. बोका एक दिवस आपणहून घरात आला आणि राहिलाच. सगळ्यांची कामं नीट चाललीत की नाही ते बघत असल्यासारखा छाती काढून घरभर फिरायचा, आणि झोपायचा मात्र भिंगरीच्या उशीवर.

“झालं तर मग. घरच्या डॉक्टरीणबाईंनीच निकाल दिला,” वहिनी म्हणाली. “आजपासून तो या घरात नको.”

दादाने त्याला करंडीत घातलं आणि लाकडाच्या वखारीत नेऊन सोडलं. भिंगरीने रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध दिलं, केस बारीक कापायला लावले. तेव्हा मात्र तिने स्वतःच डोकं पुढे केलं.

बोका जाण्याआधी आत्याने कोरा टूथब्रश त्याच्या अंगावरून फिरवून घेतला होता, आणि भिंगरीचे तुटके केस चिमट्याने उपटून कागदात बांधले होते. दोन्ही तिने प्लेटांवर लावलं. आपलं निदान बरोबर होतं हे मॅडमना दाखवायचं होतं, दुसरं काही नाही.

मांजरांमधली बुरशी आठवड्याभरात कापसासारखी पसरते. इथे काहीच पसरेना. भिंगरीचा डाग औषधाने सुकत आला, डोक्यावर कोवळी लव उगवली, तरी दोन्ही प्लेटा कोऱ्याच.

आणि मग एके दुपारी भिंगरीच्या प्लेटवर एक ठिपका दिसला. सुकलेल्या कणकेच्या चिमटीसारखा. राखाडी, सुरकुतलेला, प्लेटमध्ये घट्ट रुतून बसलेला. मुकादमाच्या प्लेटवर तेव्हाही काही नव्हतं.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं.

“हे मांजराचं नव्हे. हे गुरांचं आहे. मुलगी गोठ्यात जाते का?”

“नाही मॅडम. आमच्याकडे गोठाच नाही.”

“मग घरातलं कोण जातं?”

आत्याचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे गेला होता. त्या पट्ट्याखाली मध्यंतरी खाजरा चट्टा उठला होता. घामोळं असेल म्हणून ती मलम लावत राहिली, आणि तो गेलाही. त्याच्या थोडं आधी प्रात्यक्षिकाला गजकर्ण झालेल्या वासरांच्या मानेवरचे खवले खरवडायचे होते. एक वासरू उसळलं, हातमोजा खाली सरकला, आणि तिने त्याला मनगटानेच दाबून धरलं होतं. तेच मनगट रोज सकाळी भिंगरीच्या डोक्यावर टेकत होतं.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. “शिकताना होतं असं,” एवढंच म्हणाल्या.

पण ‘दुसरं काय’ म्हणायला तिला कुणी शिकवलं होतं? त्या संध्याकाळी ती प्रार्थनेला बसली, पण हात जुळेनात. मनात येत होतं, भिंगरी तर बरी झाली. आता हे उकरून काढलंच पाहिजे का? कुणाला कळणार आहे?

बाहेर वहिनीकडे शेजारीण आपलं तान्हं घेऊन आली होती. “ये गं भिंगरी, घे बाळाला.”

“नको.” भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. “माझ्यामुळे रोग होतो.”

“असं कोण म्हणालं?” शेजारणीने विचारलं.

“मीच मुकादमला उशीवर घेतलं ना. म्हणून मला झालं, आणि म्हणून त्याला हाकललं. आता मी कुणालाच हात लावत नाही.”

आत्या उठून बाहेर आली. शेजारणीदेखतच म्हणाली, “वहिनी, तो रोग मी आणला. कॉलेजातल्या वासराकडून मला झाला, आणि वेणी घालताना मी तिला दिला. मुकादमाचा काही दोष नव्हता. भिंगरीचाही नव्हता.”

वहिनी उठून तिच्यासमोर आली. मग म्हणाली, “म्हणजे डॉक्टरीणबाई, चोर तुम्ही आणि तडीपार तो?”

“हो.”

“आणि मी पोरीला रोज बोलत होते, मांजर उशाशी घेतेस म्हणून!” वहिनीचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. “निदान निकाल देताना जरा थांबायचं होतंस गं.”

शेजारीण बाळाला सावरत हळूच निघून गेली.

भिंगरी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. “मग मुकादमला कोण सांगणार? त्याला वाटत असेल, त्यानेच काहीतरी केलं.”

“मी सांगते. त्याला घरी आणते.”

“वखारवाला देईल?” वहिनीने डोळे पुसत विचारलं. “सगळे उंदीर संपवलेत म्हणे मुकादमानं. आता कशाला सोडतोय तो?”

“नाही दिला तर परत जाईन. देईपर्यंत जाईन.”

भिंगरीने पाठीमागचा एक हात पुढे काढला. आत्याच्या हाताला लावला नाही. नुसता जवळ आणून ठेवला.

सकाळी घर उठायच्या आधी आत्याने माळ्यावरची करंडी काढली, तळाशी जुना टॉवेल अंथरला, आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार ओढून घेऊन वखारीच्या वाटेला लागली.