निळी पिशवी

सासऱ्यांच्या लघवीची पिशवी बघायला सकाळपासून रांग लागली होती. पलंगाच्या कडेला लटकलेल्या पिशवीत निळंशार पाणी होतं आणि लोक तिला हात जोडत होते. मी पडलो जावई, मला हसायचीही सोय नव्हती.

"विष उतरतंय!" महाराज सांगत होते. "प्रोस्टेटचा कॅन्सर माझ्या काळ्या गोळीनं विरघळला. पाणी स्वच्छ झालं की नळी उपटून टाका. दवाखान्याचं नाव काढू नका."

सासऱ्यांनी वर्षभर लघवीचा त्रास लाजेपोटी लपवला होता. शेवटी लघवी तुंबली, नळी घालावी लागली आणि तपासणीत गाठ सापडली. गाठ अजून प्रोस्टेट ग्रंथीतच आहे, रेडिएशन लगेच सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पाणी निळं झाल्यापासून सासरे दवाखान्यात जायला तयार नव्हते.

शेजाऱ्यांनी नीट दिसावी म्हणून पिशवी उचलली, तेवढ्यात नळी तपासायला दवाखान्यातून सिस्टर आल्या.

"खाली ठेवा आधी! पिशवी वर गेली की लघवी उलटी आत जाते. ताप भरेल त्यांना."

सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. मी तिथेच चहा गाळत होतो.

"सिस्टर, मलाही तोच कॅन्सर झालाय हो," त्या रडू लागल्या. "माझीही निळीच होतेय."

"तुम्ही ती गोळी घेतलीत?"

"चांगलं औषध आहे, म्हटलं गुडघ्यालाही लागू पडेल."

"आजी, प्रोस्टेट बायकांना नसतंच. गोळीत रंग आहे. पोटात गेलेला रंग लघवीतून बाहेर पडतो, एवढंच. गाठ आहे तिथेच आहे. हे बाहेर सांगाल?"

"एवढ्या लोकांत?" सासूबाईंनी दारातून नवऱ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि सांगून टाकलं.

महाराज डगमगले नाहीत. "पतिव्रता! नवऱ्याचं विष तुम्ही ओढून घेतलंत!"

"मग तुम्हीही एक गोळी घ्या," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्यात विष नाही, म्हणजे रंग येणार नाही."

महाराजांचा नेमका निर्जळी उपवास निघाला. मिशीला आमच्या चहाची साय लागलेली होती. ती गोळी मग मीच गिळली.

संध्याकाळी सासऱ्यांना त्यांच्या पिशवीसकट संडासापर्यंत नेलं आणि पुरावा दाखवला. सासरा-जावई नात्यातली मर्यादा तिथेच संपली. त्यांनी आधी माझी निळी धार पाहिली, मग स्वतःची पिशवी. परत येऊन सासूबाईंजवळ बसले.

"इतके दिवस एकटीच घाबरत होतीस?"

"तुम्ही नाही का वर्षभर घाबरलात?"

सासरे माझ्याकडे वळले. म्हणाले, "जावईबापू, उद्या गाडी काढा. दवाखान्यात जाऊ."

महाराजांनी फक्त रंग आणला होता, बाकी सगळं आमच्या लाजेनं पुरवलं. तेव्हा मंडळी, लघवीची धार बारीक झाली, रात्री सारखं उठावं लागलं, तर दरवेळी कॅन्सरच असतो असं नाही. पण डॉक्टरांना दाखवा. आणि त्याआधी बायकोला सांगा.