विहिरीवरच्या चौघी

मी एक जुनी निगेटिव्ह आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणांनी माझ्यासारखी निगेटिव्ह पाहिलीही नसेल. फोनमध्ये कॅमेरे नव्हते तेव्हा फोटो आधी फिल्मवर उमटायचा. माझ्यात काळे ते पांढरे दिसते आणि पांढरे ते काळे. कागदावर छापल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी यवतजवळच्या एका वस्तीवर, भर उन्हात झाला. वस्तीला पाणी नव्हते. म्हणून बायकांनी स्वतःच विहीर खणायला घेतली. दोन उन्हाळे काम चालले आणि त्यातल्या चौघी शेवटपर्यंत टिकल्या. पाणी लागले तेव्हा नारळ फोडायला पुढारी आले. त्यांचे फोटो काढायला यवतच्या स्टुडिओतले ज्ञानदेव आले. पस्तीस फोटो पुढाऱ्यांचे झाले, जीप धुरळा उडवत निघून गेली, आणि रोलमध्ये एक फोटो उरला.

"या बायांनो, तुमचाबी काढतो," ज्ञानदेव म्हणाले.

चौघी लाजत, एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या.

"आमाला दावाल न्हवं?" एकीने विचारले.

"आठ दिवसांत आणून देतो."

ते कधी गेलेच नाहीत. मन वाईट नव्हते हो त्यांचे. लग्नसराई सुरू झाली आणि ते विसरले. पुढाऱ्यांचे फोटो छापून कचेऱ्यांच्या भिंतींवर लागले. मी मात्र पाकिटात, पाकीट पत्र्याच्या डब्यात. पुढे रंगीत फोटो आले, मग फोन आले, स्टुडिओ बंद झाला आणि डबा माळ्यावर गेला. एका पावसाळ्यात छप्पर गळले आणि मला बुरशी धरली. डावीकडून तिसऱ्या बाईचा चेहरा तिने पार खाऊन टाकला.

ज्ञानदेव वारल्यावर त्यांच्या मुलीने, शितलने, तो डबा पुण्याच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाला दिला. तिथे जुन्या चित्रांचा संग्रह सांभाळणाऱ्या राजश्रीने हातमोजे घालून मला बाहेर काढले. मऊ कुंचल्याने धूळ झटकली, मला स्कॅन केले. इतक्या मायेने मला कोणी हाताळले नव्हते. पण नोंदवहीत तिने लिहिले : 'चार अनोळखी मजूर स्त्रिया. एक चेहरा नष्ट.' खराब झालेली आणि ओळख नसलेली चित्रे संग्रहात ठेवायची नाहीत, असा नियम होता. माझे नाव काढून टाकायच्या यादीत गेले.

मला प्रत्यक्ष काढून टाकण्याआधी ग्रंथालयात जुन्या फोटोंवर एक व्याख्यान होते. "एकदा लोकांना दाखवून तर बघू," राजश्री म्हणाली. शितलने यवतला निरोप धाडला.

व्याख्यानाला विद्यार्थ्यांच्या गर्दीत सत्तरी ओलांडलेल्या विठाबाई बसल्या होत्या. त्यांची नात गौतमी रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट बदलून त्यांना घेऊन आली होती. बाजाराचे, शाळेचे, वरातीचे फोटो येऊन गेले. मग माझी पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतभर उजळले.

"थांबा बाई! फुडं नेऊ नगा," विठाबाई उठल्या आणि भिंतीपाशी गेल्या. "ही दगडाबाई. पहार तिच्याच हातात असायची. ही अनसा, धनगराची. घरच्यांनी अबोला धरला, तरी रोज यायची. आन् ही कडंची नकुशी. पाणी लागल्यावर वरीसभरात बाळंतपणात गेली."

"आणि चेहरा गेलाय ती?" राजश्रीने विचारले.

"ती मी."



"आजी, तोंडच न्हाई तर कशावरून वळखलंस?" गौतमी म्हणाली.

विठाबाईंनी डावा हात वर केला. "ह्यो अंगठा बघ. विहिरीत दगड पडून वाकडा झाला. तवापासनं पदर असाच धरते मी." भिंतीवरच्या बाईनेही पदर तसाच धरला होता.

शितल खालमानेने पुढे आली. "आमच्या आप्पांनी तुम्हाला फोटो दिलाच नाही, आजी."

"मला वाटायचं, त्यांनी काढलाच न्हाई, उगं आमचं मन राखलं," विठाबाई म्हणाल्या. "काढला हुता म्हंजी!"

"तुमचा तरुणपणीचा दुसरा फोटो असेल तर कॉम्प्युटरवर इथे चेहरा बसवून देते," राजश्री म्हणाली.

"दुसरा न्हाई. आन् असता तरी नगं. त्या दिशी मी कशी हसले हुते ते मशीनला काय ठावं? तुमी नावं ल्हिवा."

राजश्रीने तिथेच नोंदवही उघडली. 'अनोळखी मजूर' हे शब्द खोडले आणि विठाबाई सांगतील तशी चार नावे लिहिली. मग काढून टाकायच्या यादीतून मलाही खोडले.

जाताना विठाबाईंनी माझ्या चार प्रती मागून घेतल्या. एक केंदूरला द्यायची होती. नकुशीची लेक तिथे नांदते, आणि तिने आईला कधी पाहिलेच नव्हते. पुढच्या रविवारी गौतमी गाडीवरून ती देऊन आली. फोटो हातात आल्यावर 'माझी आई कुठली' असे त्या लेकीने विचारले नाही म्हणे. उंबऱ्यातच बसली आणि नकुशीच्या चेहऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. दोघींची हनुवटी एकच आहे, असे गौतमीने राजश्रीला फोनवर सांगितले, ते मी ऐकले.

मित्रांनो, तुमच्या घरात जुने फोटो असतील तर त्यांना ओल लागू देऊ नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहा, आणि ती सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. आम्ही चेहरे जपतो, कधी तेही आम्हाला जमत नाही. नाव मात्र आमच्यावर उमटत नाही. ते तुम्हालाच लिहावे लागते.